मोठी बॅग कुठे ठेवायची, हे तिकीट काढतानाच ठरवा

अमळनेरच्या एका निवृत्त सरांचा प्रश्न आहे. मे महिन्यात ते आणि वहिनी अडीच महिन्यांसाठी म्युनिकला मुलीकडे निघालेत. बेत असा की मुंबईहून आधी दुबई, तिथे तीन दिवस. मग फ्रँकफर्टला उतरायचं, शेजारच्या जोडप्याबरोबर पॅरिस, स्वित्झर्लंड, व्हेनिस असं बारा दिवस फिरायचं आणि शेवटी म्युनिक गाठायचं. सोबत तीन मोठ्या बॅगा, त्यातल्या दोन निव्वळ लेकीच्या खाऊच्या: बिबड्या, कुरडया, कळण्याचं पीठ, काळा मसाला, शेव, लोणचं. फिरताना या बॅगा ठेवायच्या कुठे, स्टेशनवर सोय असते म्हणतात ती किती दिवसांची आणि कितपत सुरक्षित, असं त्यांनी विचारलंय. तिकीट अजून काढलेलं नाही, हेही लिहिलंय.

सर, तिकीट काढलेलं नाही हे वाचून मला फार बरं वाटलं. जळगावात बसून मी गेली बरीच वर्षं खान्देशातल्या लोकांच्या परदेशवाऱ्या आखून देतो. सामानाचा प्रश्न माझ्याकडे बहुतेक वेळा तिकीट हातात आल्यावर येतो, आणि तेव्हा उरतात ते फक्त पैसे भरायचे मार्ग. तिकिटाआधी विचारलं तर अर्धा प्रश्न प्रवासाच्या क्रमातच सुटतो.

तुमच्या बेताची खरी अडचण बॅगांच्या संख्येत नाही. खाऊ जिथे पोचवायचाय ते घर प्रवासाच्या अगदी शेवटी आहे, म्हणजे भरलेल्या बॅगा तुम्ही पंधरा दिवस अंगाखांद्यावर वागवणार. म्हणून फ्रँकफर्ट सोडा आणि थेट म्युनिकला उतरा. मुंबईहून म्युनिकला थेट विमान आहे. मुलीकडे दोन दिवस राहा, झोपेचं वेळापत्रक सुधारू द्या, खाऊच्या बॅगा तिच्या घरी रिकाम्या करा आणि प्रत्येकी एक छोटी बॅग घेऊन फिरायला निघा. म्युनिकहून पॅरिस, पॅरिसहून झुरिक, तिथून इंटरलाकेन, मग मिलानमार्गे व्हेनिस, आणि व्हेनिसहून ब्रेनरच्या घाटातून रेल्वेनं परत म्युनिक. जिथून निघालात तिथेच येऊन पोचलात, एकही बॅग भाड्यानं ठेवावी लागली नाही. मुलीला त्या दिवसांत ऑफिसच्या कामानं बाहेरगावी जायचं असेल तरी बिघडत नाही, शेजाऱ्याकडे किल्ली ठेवली की झालं.

पैशांचाही हिशेब बघा. दिवसाला एका बॅगेचे सहा युरो धरले, तर तीन बॅगांचे बारा दिवसांचे २१६ युरो होतात. मोठ्या शहरांत दर याहून चढा लागतो. एवढ्या पैशांत तुम्हा दोघांचा एक चांगला रेल्वेप्रवास निघतो.

व्हिसाला या बदलाची काही अडचण नाही. सर्वात जास्त दिवस जर्मनीत राहणार असल्यानं अर्ज तसाही जर्मनीकडेच करायचा, आणि अडीच महिने म्हणजे शेंगेनच्या, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांच्या सामायिक व्हिसाच्या, ९० दिवसांच्या आत आहात.

आता दुबई. दुबई बघा, जरूर बघा, पण परतीच्या वाटेवर. थांबा २४ तासांपेक्षा जास्त असला की बॅगा सहसा पुढच्या विमानात परस्पर जात नाहीत, तुमच्या हातात येतात, आणि त्या घेऊन तुम्हाला दुबईच्या कस्टम्समधून बाहेर पडावं लागतं. तुमच्या काळ्या मसाल्यात खसखस आहे का, हे वहिनींना आजच विचारा. संयुक्त अरब अमिरातीत खसखस नेणं गुन्हा आहे. थोडी आहे, घरची आहे, मसाल्यात कुटलेली आहे, यातलं काहीही तिथे चालत नाही, आणि त्यापायी लोक तुरुंगात गेलेले आहेत. जाताना दुबईत उतरायचंच ठरवलं तर खसखस असलेला एकही पुडा बॅगेत नको. गोळ्या-औषधांचंही तसंच: ट्रामाडॉल किंवा कोडीन असलेली औषधं तिथे नियंत्रित यादीत आहेत. खोकल्याच्या काही सिरपमध्ये कोडीन असतं, तेव्हा बाटलीवरचं नाव वाचून घ्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी बरोबर ठेवा.

परतीच्या वाटेवर हा घोर राहत नाही, खाऊ संपलेला असतो. तेव्हा बॅगा हॉटेलात घेऊन जा, किंवा दुबई विमानतळाच्या टर्मिनल १ आणि ३ वर सामान ठेवायची सोय आहे तिथे मोठ्या बॅगा ठेवून एक हातबॅग घेऊन शहरात जा. दोन-तीन दिवसांसाठी हा मार्ग चांगला आहे, कारण परत जायचं विमान तिथूनच असतं.

समजा काही कारणानं फ्रँकफर्टचंच तिकीट घ्यावं लागलं. तरीही बॅगा बारा दिवस स्टेशनवर ठेवायचा विचार सोडा, कारण ते शक्यच नाही. जर्मनीतल्या रेल्वे स्टेशनांवरचे लॉकर जास्तीत जास्त ७२ तासांसाठी असतात. मुदत उलटली की लॉकर उघडून सामान हरवलेल्या वस्तूंच्या विभागात हलवतात, आणि ते सोडवायला दंड, ओळखपत्र, यादी, सगळं करावं लागतं. अशा वेळी मी वेगळी वाट सुचवतो. लेकीचा खाऊ बॅगेत भरूच नका, चांगल्या जाड पुठ्ठ्याच्या खोक्यात भरा. विमानात चेक-इनला खोकं चालतं, फक्त वजन आणि माप नियमात बसलं पाहिजे. जर्मनीत डीएचएल या पार्सल कंपनीनं ३१.५ किलोपर्यंतचं पार्सल देशातल्या देशात पाठवता येतं. मुलीनं आधीच ऑनलाइन पैसे भरायचे आणि आलेला कोड तुमच्या मोबाइलवर पाठवायचा. तुम्ही डीएचएलच्या शाखेत खोकं द्यायचं, कोड दाखवायचा आणि मोकळं व्हायचं. एक-दोन दिवसांत खोकं तिच्या दारात. फक्त वार बघा. जर्मनीत रविवारी दुकानं आणि टपालाच्या शाखा बंद असतात, आणि मे महिन्यात १ मेसकट सुट्ट्याही बऱ्याच येतात. विमान शनिवारी रात्री पोचणार असेल तर हा बेत फसतो.

लॉकर वापरायची वेळ मात्र फिरताना रोज येणार आहे, म्हणून ते नीट सांगतो. सकाळी हॉटेल सोडलं, गाडी संध्याकाळची, मधले आठ तास बॅग कुठे? पहिलं उत्तर नेहमी हॉटेल. खोली सोडल्यावर त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत बॅग ठेवून घ्यायला बहुतेक हॉटेलं पैसे घेत नाहीत. दोन-तीन दिवसांनी त्याच हॉटेलात परत येणार असाल तर तेवढे दिवसही ठेवतात, पण ते आधी ईमेलनं विचारून घ्या आणि आलेलं उत्तर जपून ठेवा. रात्रपाळीच्या माणसाला दिवसपाळीतल्यानं काय कबूल केलं हे माहीत नसतं, लेखी उत्तर दाखवलं की वाद होत नाही. अपार्टमेंट घेतलंत तर ही सोय सहसा मिळत नाही, कारण तिथे काउंटरच नसतो. अपार्टमेंट स्वस्त वाटतं तेव्हा हा खर्च त्यात मिळवून बघा.

दुसरं उत्तर स्टेशन. बॅग आणि तिच्यावर किल्ली असं चित्र असलेला फलक शोधा, भाषा कुठलीही असो, चित्र साधारण तेच असतं. दोन प्रकार आहेत. एक, लोखंडी लॉकरची रांग: लहान, मध्यम, मोठा. बॅग आत ढकलायची, दार लावायचं, पैसे भरायचे, मग किल्ली निघते किंवा आकडे छापलेली चिठ्ठी येते. काही ठिकाणी कार्ड चालतं, काही जुन्या लॉकरांना अजून नाणीच लागतात, म्हणून एक आणि दोन युरोची नाणी खिशात वेगळी ठेवा. दुसरा प्रकार, माणूस बसलेला काउंटर. तिथे बॅग तपासणीच्या यंत्रातून जाते, ओळखपत्र मागतात, पावती देतात. इटलीत हा प्रकार जास्त दिसेल. काउंटर रात्री बंद होतो, हे लक्षात ठेवा. पहाटे पाचची गाडी असेल आणि बॅग काउंटरमागे असेल, तर गाडी जाते आणि बॅग राहते.

दार लावायच्या आधी चार फोटो काढायचे, हे मी प्रत्येकाकडून करून घेतो. उघड्या लॉकरात ठेवलेल्या बॅगेचा, लॉकरच्या नंबराचा, पावतीचा, आणि चौथा त्या कोपऱ्यातून बाहेर पडताना समोर जे दिसतं त्याचा: दुकान, जिना, फलाटाचा आकडा. लोक चौथा फोटो विसरतात आणि नेमका तोच लागतो. मोठ्या स्टेशनावर दोन-तीन ठिकाणी लॉकर असतात, वेगवेगळ्या मजल्यांवर, आणि सगळे दिसायला सारखे. धुळ्याच्या एका जोडप्यानं बॅग तळमजल्यावर ठेवली होती आणि परत आल्यावर ते वरच्या मजल्यावरच्या लॉकरांपुढे उभे राहून चिठ्ठीवरचे आकडे पुन्हा पुन्हा दाबत होते. दार उघडेना, गाडीला वीस मिनिटं उरलेली, काकूंच्या डोळ्यांत पाणी आलेलं. त्यांनी मला फोटो पाठवला. त्यात लॉकरशेजारी फुलांचं दुकान दिसत होतं. फुलवाला कुठे आहे तेवढं विचारा, असं सांगितलं, आणि बॅग मिळाली.

पॅरिसला आणखी एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा. पॅरिसला एक मुख्य स्टेशन नाही, दिशेप्रमाणे वेगवेगळी स्टेशनं आहेत. म्युनिकची गाडी गार द लेस्तला येते, झुरिकची गाडी गार द ल्योंहून सुटते. शेवटच्या दिवशी बॅग कुठे ठेवायची तर जिथून निघायचं त्या स्टेशनावर, म्हणजे गार द ल्योंला. जिथे उतरलात ते ओळखीचं वाटतं म्हणून तिथे ठेवली, तर ऐन गर्दीच्या वेळी शहराच्या एका टोकाहून दुसरीकडे बॅगा ओढत मेट्रोचे जिने चढावे-उतरावे लागतात, आणि पॅरिसच्या जुन्या मेट्रोत सगळीकडे लिफ्ट नाही.

बॅग घेऊनच फिरू, वाटेत कुठेतरी ठेवू, असं तर मुळीच करू नका. आयफेल टॉवरवर मोठं सामान नेऊ देत नाहीत आणि ठेवायलाही जागा नाही. लूव्ह्र संग्रहालयात ५५ बाय ३५ बाय २० सेंटिमीटरपेक्षा मोठी बॅग आत घेत नाहीत. रोमला कधी गेलात तर कोलोसियमलाही तेच. तिकिटाची वेळ ठरलेली असते, दारातून परत पाठवलं की ते पैसे बुडाले. बॅगेपाशी कुणी न थांबता दोघंही पाणी आणायला जाऊ नका, पाच मिनिटांसाठीसुद्धा. बेवारस बॅग दिसली की युरोपातली मोठी स्टेशनं रिकामी करतात, पोलिस येतात, आणि ती बॅग नष्टही करू शकतात.

स्टेशनावर जागा नसेल, आणि उन्हाळ्यात दुपारी ती नसतेच, तर ॲपवाली दुकानं आहेत. बाउन्स, स्टॅशर, रॅडिकल स्टोरेज, नॅनीबॅग ही त्यातली चालती नावं. यात स्टेशनाजवळचा किराणावाला, कॅफे, छोटं हॉटेल आपल्या मागच्या खोलीत तुमची बॅग ठेवून घेतं. तुम्ही ॲपवर जागा नोंदवता, पैसे भरता, दुकानात जाऊन कोड दाखवता. दर साधारण नगामागे असतो, बॅग लहान की मोठी याचा फरक पडत नाही, म्हणून मोठ्या बॅगेला हे परवडतं. लोक विचारतात, अनोळखी दुकानदारावर विश्वास कसा ठेवायचा? मी म्हणतो, दुकानदाराच्या आधी त्याच्या वेळा बघा. या सोयीतल्या बहुतेक तक्रारी चोरीच्या नसतात, दुकान बंद असल्याच्या असतात. जर्मनीत रविवारी, इटलीत दुपारच्या सुट्टीत शटर खाली. ॲपवर लिहिलेली भरपाईची मर्यादा आणि त्यातून वगळलेल्या वस्तू वाचा: रोकड, दागिने, नाजूक सामान सहसा वगळलेलंच असतं.

विम्याविषयी. तुमच्या प्रवास विम्यात बॅगेज असा शब्द दिसेल, पण आपल्याकडच्या बऱ्याच पॉलिसींत ते संरक्षण विमान कंपनीच्या ताब्यात दिलेल्या चेक-इन बॅगेचं असतं. लॉकरात, हॉटेलच्या खोलीत किंवा दुकानात ठेवलेली बॅग त्यात बसेलच असं नाही. पॉलिसी विकणाऱ्याला हा एकच प्रश्न विचारा आणि कलम दाखवायला लावा. म्हणूनच ठेवलेल्या बॅगेत पासपोर्ट, पैसे, सोनं, रोजच्या गोळ्या, लॅपटॉप आणि अमळनेरच्या घराच्या किल्ल्या यातलं काहीही नको. पासपोर्ट अंगावर. गोळ्या दोघांच्या हातबॅगांत निम्म्या-निम्म्या. मंगळसूत्र जे गळ्यात आहे तेवढंच, जास्तीचं सोनं घरी किंवा बँकेत. पॉवर बँक चेक-इन बॅगेत कधीच नाही, ती केबिनमध्येच न्यायची, आणि लॉकरातही तापलेल्या बॅगेत कोंडून ठेवू नका.

खाऊबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण तुमच्या सामानाचा मोठा भाग तोच आहे, म्हणून सांगतो. युरोपियन युनियनमध्ये बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ प्रवाशाच्या सामानातून नेता येत नाहीत. पेढे, बर्फी, खव्याचं काहीही, आणि घरचं कढवलेलं तूपसुद्धा. तुपाची बरणी लेकीसाठी नेताना आईच्या मनाला काय वाटतं ते मला कळतं, पण ती जप्त होते आणि दंडही होऊ शकतो. ताज्या फळं-भाज्यांना १४ डिसेंबर २०१९ पासून वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागतं, त्यामुळे भरताची वांगी नाहीत, मेहरूणची बोरं नाहीत. सूट आहे ती अननस, नारळ, डुरियन, केळी आणि खजूर एवढ्यालाच. म्हणजे आपली जळगावची केळी नियमाप्रमाणे चालतात, फक्त ती बॅगेत टिकत नाहीत. केळीचे वेफर्स न्या. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या विमानात चालत नाहीत, तेलामुळे ते पेट घेणारं सामान धरतात आणि आपल्याच विमानतळावर काढून ठेवतात. खोबरं मसाल्यात भाजून-कुटून गेलं की तो प्रश्न राहत नाही.

बिबड्या, कुरडया, पापड, कळण्याचं पीठ, शेव, चटण्या यांना अडचण नाही. कुरडया मात्र चेंगरतात. त्या स्टीलच्या डब्यात भरू नका, डब्याचंच दोन किलो वजन होतं. जुन्या साडीत गुंडाळून खोक्याच्या मधोमध ठेवा, चारी बाजूंनी कपडे. लोणच्याचं तेल हा बॅगेचा खरा शत्रू. बरणीच्या तोंडावर प्लॅस्टिकचा कागद, त्यावर झाकण, मग चिकटपट्टी, मग एकात एक दोन झिपच्या पिशव्या. एवढं करूनही बॅग लॉकरात दोन दिवस उन्हाळ्यात राहणार असेल तर लोणचं त्यात नको. मसाल्याचा वास बाहेर येतो आणि काउंटरवरचा माणूस बॅग उघडायला लावतो. आणि दुसऱ्या कुणी त्यांच्या मुलासाठी दिलेलं बांधलेलं पार्सल घेऊ नका. आत काय आहे ते तुम्ही स्वतः बघून भरलं नसेल, तर विमानतळावर तुमची बॅग तुम्हीच भरली का या प्रश्नाला खरं उत्तर देता येत नाही. भाऊबंदकीतल्या माणसाला नाही म्हणणं अवघड जातं. माझं नाव सांगा, मी नको म्हटलंय म्हणा.

वजन घरीच करा. तिकिटावर किती नग आणि किती किलो ते वाचा, कारण काही कंपन्या नग मोजतात, काही एकूण किलो. एक बॅग ३२ किलोपेक्षा जड नको, तेवढी जड बॅग पैसे भरूनही घेत नाहीत. किराणा दुकानाच्या काट्यावर बॅग ठेवून आलात तर उत्तम, आणि एक किलोची मोकळीक सोडा. युरोपात एका शहरातून दुसऱ्या शहरात स्वस्त विमानानं जायचा मोह होईल. रायनएअर, ईझीजेट अशा कंपन्यांच्या स्वस्त तिकिटात फक्त सीटखाली मावेल एवढी छोटी पिशवी असते, मोठ्या बॅगेचे पैसे कित्येकदा तिकिटापेक्षा जास्त होतात. तुमच्या बेतात म्हणूनच मी सगळीकडे रेल्वे धरली आहे. रेल्वेत वजन करत नाहीत, पण चढवायची-उतरवायची आपल्यालाच असते. आपल्या स्टेशनावर हाक मारली की हमाल येतो, तिथे तसा कुणी नाही. जी बॅग वहिनी एकट्या डब्याच्या पायऱ्यांवरून वर घेऊ शकतात, तीच फिरायच्या बारा दिवसांसाठी योग्य बॅग. घरच्या जिन्यावर एकदा चढवून बघा.

स्वित्झर्लंड या बाबतीत सर्वात सोपा देश. इंटरलाकेन ओस्ट स्टेशनावर लॉकर आहेत, युंगफ्राउयोख या बर्फाच्या डोंगरावरच्या स्टेशनाला जाताना बॅग तिथे ठेवून वर जायचं. वर ३,४५४ मीटरवर हवा विरळ असते, तिथे हातात ओझं नकोच. ज्यांना दोन गावांत वेगवेगळे मुक्काम करायचे असतात त्यांची बॅग तिथली रेल्वे एका स्टेशनावरून दुसऱ्या स्टेशनावर पोचवूनही देते. पैसे लागतात आणि बॅग आधी द्यावी लागते. व्हेनिसला सांता लुचिया स्टेशनातच सामान ठेवायची जागा आहे. तिथे ठेवाच. स्टेशनाबाहेर पडलं की मोटार नाही, रिक्षा नाही, फक्त पाणी आणि पायऱ्यांचे पूल. हॉटेल दोन पुलांपलीकडे असलं तरी चाकाची बॅग चारदा उचलावी लागते. एका रात्रीचा मुक्काम असेल तर मोठी बॅग स्टेशनावर आणि रात्रीचे कपडे खांद्यावरच्या पिशवीत, असं करा.

खान्देशातून आता जपानला आणि अमेरिकेला जाणारेही पुष्कळ आहेत, त्यांच्यासाठी थोडक्यात. जपानमध्ये बॅग ठेवण्यापेक्षा पुढे पाठवायची पद्धत आहे. हॉटेलच्या काउंटरवर दिली की यामातो, म्हणजे काळ्या मांजराचं चित्र असलेली कंपनी, ती पुढच्या शहरातल्या हॉटेलात पोचवते, बहुधा दुसऱ्या दिवशी. एका रात्रीचे कपडे हाताशी ठेवायचे. तोक्यो-क्योतो-ओसाकाच्या शिंकानसेन, म्हणजे बुलेट गाडीत लांबी, रुंदी, उंची मिळून १६० सेंटिमीटरपेक्षा मोठी बॅग असेल तर २०२० पासून तिच्यासाठी जागा असलेली सीट आधी राखून ठेवावी लागते, नाहीतर १,००० येन भरावे लागतात. अमेरिकेत २००१ नंतर विमानतळांवरचे लॉकर जवळजवळ गेलेच. तिथे हॉटेल नाहीतर ॲपवाली दुकानं, याच्यावरच भिस्त.

शिकायला गेलेल्या मुलांचा प्रश्न निराळा. एक खोली सोडली, दुसरी दोन महिन्यांनी मिळणार, मधे सुट्टीला घरी यायचंय. लॉकर त्यांच्या कामाचे नाहीत. महिन्याच्या भाड्यानं छोटी खोली देणाऱ्या कंपन्या असतात: युरोपात शुरगार्ड, इंग्लंडात बिग यलो, अमेरिकेत पब्लिक स्टोरेज. चार मुलांनी मिळून एक खोली घेतली की परवडतं. कुलूप आपलं, आणि आत खाण्याची वस्तू एकही नाही, तसा नियमच असतो.

अमळनेरहून मुंबईपर्यंतचा टप्पाही सामानाचाच आहे. खान्देश एक्स्प्रेसनं येत असाल तर बोरिवलीला उतरा, विमानतळ तिथून सोयीचा आणि दादरची गर्दी टळते. रात्रीचं विमान असेल आणि दिवसभर मुंबईत काढायचा असेल, तर आपल्याकडच्या स्टेशनावरच्या क्लोकरूममध्ये बॅग ठेवायला तिकीट दाखवावं लागतं आणि बॅगेला कुलूप हवंच, चेन लावून चालत नाही. गाडीत पांघरायला घेतलेल्या चादरी, पाण्याचा मोठा थर्मास, दशम्यांचा डबा हे सोडायला आलेल्या माणसाबरोबर परत पाठवा. तेवढ्यानं हातबॅग निम्मी होते.

तुमच्या शेजाऱ्यांचं तिकीट व्हेनिसहूनच भारतात परत यायचं आहे, असं तुम्ही शेवटी लिहिलंय. त्यांना म्युनिकची परतफेरी जमणार नाही आणि त्यांच्यासाठी कुठे बॅग ठेवायची सोय शोधूही नका. त्यांना मुलीकडे काही पोचवायचं नाही, तेव्हा त्यांनी प्रत्येकी एकच केबिनची बॅग घ्यावी, चार जोड कपडे, धुवायची वडी आणि वाळत घालायची दोरी. तुमच्या खोक्यात त्यांचं काही आणि त्यांच्या बॅगेत तुमचं काही, असं करू नका. व्हेनिसला तुम्ही वेगळ्या गाडीत बसणार आहात. दोन्ही जोडप्यांचे तिकिटाचे बेत मला एकत्र पाठवा, तारखा आणि वार लिहून. रविवार कुठे येतो ते बघून क्रम पक्का करून देतो.